मोलिएरचं नाटक हातात घेऊन गुनोचा ऑपेरा कसा ऐकावा

फ्रेंच संगीतकार शार्ल गुनोचा 'ल मेद्सँ माल्ग्रे ल्वी' (म्हणजे 'मनाविरुद्ध डॉक्टर') हा ऑपेरा ऐकायला घेतलेले लोक पहिल्या अंकाच्या मध्यावरच थांबतात, असं वारंवार दिसतं. तक्रार बहुतेक वेळा एकच असते: गाणी गोड आहेत, पण त्यांत विनोद कुठे आहे? विचारल्यावर कळतं की त्यांनी फक्त गाण्यांचे तुकडे ऐकले होते, नाटक वाचलंच नव्हतं, किंवा दहा ओळींचं कथानक वाचून थेट ध्वनिमुद्रणाकडे वळले होते. ऑपेरा चांगलाच आहे. चुकतो तो ऐकण्याचा क्रम, म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे.

सुरुवातीला लागेल तेवढीच माहिती सांगतो. मूळ नाटक त्याच नावाचं, फ्रेंच नाटककार मोलिएरचं, 1666 सालचं, गद्यात लिहिलेलं आणि तीन अंकी. ऑपेरा 15 जानेवारी 1858 रोजी पॅरिसच्या तेआत्र लिरिकमध्ये पहिल्यांदा झाला. संहिता झ्यूल बार्बिए आणि मिशेल कारे यांची. त्यांनीही अंक तीनच ठेवले, गाण्यांच्या मधले संवाद बोलतेच ठेवले, आणि त्या संवादांसाठी मोलिएरचं गद्य भरपूर वापरलं. म्हणजे या कलाकृतीचा मोठा भाग गायलाच जात नाही, तो बोलला जातो. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

टप्पा 1: साहित्य जमवा

चार गोष्टी लागतात: नाटक, संहिता, स्वरलिपी आणि ध्वनिमुद्रण.

नाटकाची मूळ फ्रेंच प्रत आणि एखादा इंग्रजी अनुवाद, दोन्ही घ्या. हे लेखन स्वामित्वहक्काच्या पलीकडे गेलेलं आहे. फ्रेंच विकिस्रोत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर ते मोफत वाचता येतं. फ्रेंच येत नसलं तरी मूळ प्रत जवळ हवीच, कारण पुढे ओळी जुळवायच्या आहेत आणि त्यासाठी प्रत्येक वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द डोळ्यांनी ओळखता आले तरी भागतं. हरि नारायण आपटे यांनी याच नाटकावरून 'मारून मुटकून वैद्यबोवा' हे प्रहसन लिहिलं. ग्रंथालयात मिळालं तर आनंदाने वाचा, पण खुणा करायला ते घेऊ नका. रूपांतराची वाट वेगळी असते, ओळीला ओळ लागत नाही.

संहिता म्हणजे बार्बिए-कारे यांनी तयार केलेली प्रत. तिच्यात गाण्याचे शब्द आणि बोलते संवाद दोन्ही असतात. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'गॅलिका' या डिजिटल संग्रहात शोधा.

स्वरलिपीची पियानो-गायन प्रत आयएमएसएलपी या स्वरलिप्यांच्या मोफत ऑनलाइन संग्रहात शोधा. पाश्चात्त्य स्वरलिपी वाचता येत नाही म्हणून ही पायरी गाळू नका. आपल्याला तिच्यातून तीनच गोष्टी हव्या आहेत: गाण्याचा अनुक्रम, गाणाऱ्या पात्रांची नावं आणि सुराखाली छापलेले शब्द.

> सावधान: स्वरलिपीत बोलते संवाद बहुधा पूर्ण छापलेले नसतात. गाणं सुरू होण्याआधीची एखादी ओळ खुणेपुरती दिलेली असते. ती वाचून 'संवाद एवढेच आहेत' असं समजू नका.

ध्वनिमुद्रण निवडताना सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून घेण्याआधी एक चाचणी करा. वाद्यवृंदाचा प्रारंभ संपला की स्गानारेल आणि त्याची बायको मार्तीन यांचं भांडण सुरू होतं. ते युगुलगीत संपल्यावर लगेच काय ऐकू येतं तिकडे लक्ष द्या.

माणसं साध्या आवाजात बोलू लागली, तर मुद्रणात संवाद आहेत. हेच घ्या. संवाद थोडे छाटलेले असतील तरी चालेल.

थेट पुढचं गाणं सुरू झालं, तर ती फक्त गाण्यांची निवड आहे. बाजूला ठेवा, पाचव्या टप्प्यावर उपयोगी पडेल.

बोलणंच वाद्यवृंदाच्या साथीवर गायलं जात असेल, तर ती फ्रेंच संगीतकार एरिक सातीने नंतर जोडलेल्या गायनसंवादांची आवृत्ती आहे. रशियन बॅले-निर्माता द्यागिलेव्हच्या मंडळींनी ती 1924 मध्ये माँते कार्लोला रंगवली. ऐकण्यासारखी आहे, पण पहिल्या वेळी नको. बोलता बोलता माणूस अचानक गाऊ लागतो, त्या क्षणाचा धक्का गुनोला हवा होता, आणि तो तिथे उरत नाही.

दृश्यचित्रण मिळालं तर तेही असू द्या, पण तिसरा टप्पा पूर्ण होईपर्यंत उघडू नका. दिग्दर्शकाचा विनोद आधी पाहिला की मोलिएरचा वेगळा करता येत नाही.

टप्पा 2: नाटक वाचा, संगीत बंद

एका बैठकीत वाचा, आणि शक्य असेल तर मोठ्याने वाचा. हे नाटक वाचनालयातल्या शांततेसाठी लिहिलेलं नाही. कथानकाचा सारांश आधी वाचू नका. त्यात 'लाकूडतोड्या डॉक्टर होतो' एवढंच हाती लागतं आणि हे कसं घडतं ते निसटतं.

वाचण्याआधी पात्रांचा कागद करून समोर ठेवा. स्गानारेल, मोळ्या बांधून विकणारा. मार्तीन, त्याची बायको. व्हालेर आणि ल्युका, झेरोंतचे नोकर, जे डॉक्टर शोधायला निघालेत. झेरोंत, श्रीमंत बाप. ल्युसँद, त्याची मुलगी, जिची वाचा गेली आहे असं सगळे समजतात. झाकलीन, ल्युकाची बायको, घरातली दाई. लेआंद्र, ल्युसँदचा प्रियकर. नावाशेजारी ऑपेरातला आवाजही लिहून ठेवा: स्गानारेल बॅरिटोन (पुरुषाचा मधला आवाज), झेरोंत बास (पुरुषाचा खालचा), लेआंद्र टेनर (पुरुषाचा वरचा), ल्युसँद सोप्रानो (स्त्रीचा वरचा), मार्तीन आणि झाकलीन मेझो-सोप्रानो (स्त्रीचा मधला). हा कागद पुढे षट्कगीतात, म्हणजे सहा जणांच्या गाण्यात, लागणार आहे.

वाचताना या पाच जागी कडेला रेघ मारा:

1. नवऱ्याचा मार खाल्ल्यावर मार्तीन एकटी उरते आणि सूड घ्यायचं ठरवते.
2. हा माणूस थोर डॉक्टर आहे, पण काठी खाल्ल्याशिवाय कबूल करत नाही, असं ती व्हालेर-ल्युकाला सांगते.
3. ल्युसँदला तपासताना तिच्या तोंडून फक्त 'आँ, ई, ओं' असे आवाज निघतात.
4. स्गानारेल खोटं लॅटिन फेकतो, आणि काळीज उजवीकडे व यकृत डावीकडे सांगितल्यावर 'आम्ही ते सगळं बदललं आहे' म्हणून सुटतो.
5. ल्युसँदला वाचा येते आणि मग ती थांबतच नाही.

पहिल्या प्रवेशातली मारहाण आजच्या वाचकाला खुपते, खुपायलाही हवी. तरी ती गाळून पुढे जाऊ नका. पुढे स्गानारेलच्या पाठीत बसणारी प्रत्येक काठी मार्तीनने लावलेल्या सूडातून येते. तो मार वगळला तर उरलेलं नाटक नुसता गैरसमजांचा खेळ होतो.

> तपासा: ल्युसँदचा आजार खरा नाही, हे नाटकात कोणाकोणाला कधी कळतं, ते कागद न बघता सांगता येतंय का? येत नसेल तर दुसरा अंक पुन्हा वाचा. त्या अंकातलं संगीत या एका गोष्टीवर चालतं.

टप्पा 3: तीन रंगांच्या खुणा

सगळ्या पद्धतीत हाच टप्पा कष्टाचा आणि हाच मोलाचा. घाई इथे करू नका. एका वेळी एकच अंक घ्या.

नाटकाची छापील प्रत समोर ठेवा आणि संहितेशी ओळीओळीने जुळवा. जे वाक्य ऑपेरात बोललं जातं ते निळ्या रंगाने, जे गायलं जातं ते लाल रंगाने, आणि जे गाळलंय ते पेन्सिलीने आडवं खोडा. संहितेत आहे पण मोलिएरकडे नाही, असा मजकूर सापडला की नाटकाच्या प्रतीत त्या जागी चिठ्ठी चिकटवा.

सवय होण्यासाठी पहिल्या अंकातल्या या जागांपासून सुरुवात करा.

नाटकाचं पहिलंच वाक्य, 'नाही म्हणजे नाही, मी ते करणार नाही' अशा अर्थाचं, ऑपेरात युगुलगीताच्या तोंडी आहे. म्हणजे पहिली ओळ लाल. ते गद्य गाण्याच्या मापात बसवताना काय छाटलं आणि काय दोनदा म्हटलं, ते शेजारी लिहा. भांडणातल्या शिव्या एकामागोमाग येतात, आणि तीच उतरंड गाण्यात लयीचं काम करते.

मार्तीन एकटी असताना म्हणते की नवऱ्यावर सूड घ्यायला बायकोच्या हातात नेहमीच काहीतरी असतं. मोलिएरकडे हे जाता जाता आलेलं वाक्य. गुनोच्या हाती त्याचं कडव्यांचं गाणं झालं. इथे लाल खूण तर कराच, शिवाय कडेला लिहा: नाटकात एक वाक्य, ऑपेरात अख्खं गाणं. असा फुगवटा जिथे जिथे सापडेल तिथे संगीतकाराने कोणाची बाजू घेतली ते कळतं. मार्तीनला गुनोने मोलिएरपेक्षा जास्त जागा दिली, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते या एका खुणेवरून बनलं.

स्गानारेलचं बाटलीला उद्देशून गाणं नाटकातही गाणंच आहे. मोलिएरने ते शब्द गाण्यासाठीच लिहिले होते, गुनोने त्यांना स्वतःची चाल दिली. इथे लाल रंगाभोवती चौकट करा.

व्हालेर, ल्युका आणि स्गानारेल भेटतात तो प्रवेश त्रिगीत होतो. हा लांब आहे, म्हणून नाटकाचं कोणतं वाक्य गाण्याच्या आत गेलं आणि कोणतं आधी बोललं गेलं, ती सीमारेषा अचूक काढा.

आणि अंकाच्या शेवटी लाकूडतोड्यांचं समूहगीत येतं. मोलिएरच्या नाटकात असा समूह नाही. इथे चिठ्ठी लावा. ही चिठ्ठी विसरू नका, कारण हीच माणसं ऑपेराच्या अगदी शेवटी पुन्हा गातात.

दुसऱ्या अंकात मोठी चिठ्ठी एकच, लेआंद्रच्या निशागीताची (प्रेयसीला ऐकू जावं म्हणून गायलेल्या गाण्याची). नाटकात लेआंद्र बराच उशिरा, दुसऱ्या अंकाच्या अखेरीस समोर येतो. ऑपेरात त्याचा आवाज अंकाच्या आरंभीच येतो. त्यामुळे ल्युसँद तपासायला समोर बसते तेव्हा नाटकाच्या प्रेक्षकाला जे अजून कळायचं असतं, त्याचा अंदाज ऑपेराच्या श्रोत्याला आधीच आलेला असतो.

तिसऱ्या अंकात मोलिएरकडे तिबो आणि पेरँ हे बापलेक औषध मागायला येतात. ऑपेरात गावकऱ्यांचा समूह डॉक्टरभोवती जमतो. दोन्ही जागा शेजारी ठेवून बघा, मग दोघांपैकी कुठे स्गानारेल जास्त लबाड वाटतो ते ठरवा.

> नेहमीची चूक: फक्त गाळलेलं आणि वाढवलेलं मोजत बसणे. निळ्या ओळी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. गुनोने जे बोलतं ठेवलं, ते त्याला न गाता हवं होतं म्हणून ठेवलं. निळ्या पट्ट्यांतला विनोद लक्षात आला नाही तर पुढच्या लाल पट्ट्या नुसत्या चाली वाटतात.

> तपासा: खोटं लॅटिन, काळीज-यकृताची गफलत आणि पोपटांचा दाखला देऊन सांगितलेला वाइनमध्ये बुडवलेल्या पावाचा उपाय, या तिन्हींवर तुमच्या प्रतीत कोणता रंग आहे? एखादी जागा बिनरंगाची राहिली असेल तर जुळवणी अपुरी आहे.

टप्पा 4: पहिलं ऐकणं

एका बैठकीत एकच अंक. समोर संहिता किंवा तिचा अनुवाद ठेवू नका. तुमच्या खुणांची नाटकाची प्रत ठेवा.

निळा भाग चालू असताना डोळे कागदावर हवेत. फ्रेंच वेगाने जातं, पण वाक्य तुमच्या ओळखीचं आहे, त्यामुळे कुठे आहोत ते नावांवरून आणि ओळीच्या पहिल्या शब्दावरून सापडत राहतं. लाल भाग सुरू झाला की कागदावरून नजर काढा आणि फक्त ऐका. लोक नेमकं उलट करतात: संवादाच्या वेळी उठून चहा टाकतात आणि गाण्याच्या वेळी शब्द वाचत बसतात.

गाण्याच्या मध्ये मुद्रण थांबवू नका. संवादात हरवलात तर थांबवा, मागे जा, पुन्हा लावा.

अंक संपला की लगेच दुसरा लावू नका. त्याऐवजी तीन ओळी लिहा: बोलणं संपून गाणं कोणत्या क्षणी सुरू झालं, त्या क्षणी कोणाचा राग, भीती किंवा लबाडी उतू गेली, आणि गाणं संपल्यावर गोष्ट पुढे सरकली की तिथेच राहिली.

संगीत नाटक ऐकत वाढलेल्यांना इथे थोडी सावधगिरी हवी. बोलता बोलता पद सुरू होणं आपल्या ओळखीचं, आणि मोलिएरही अनोळखी नाही: देवलांच्या 'संशयकल्लोळ'चा माग इंग्रजीतून त्याच्याच एका नाटकापर्यंत जातो. पण पदाला गायक आपल्या मगदुराप्रमाणे वाढवतो, वन्समोअर घेतो, आणि तेवढा वेळ नाटक थांबतं. गुनोकडे प्रत्येक स्वर लिहून दिलेला आहे आणि त्रिगीतासारख्या जागी गाण्याच्या आतच घटना घडते. काठी गाण्यात बसते, कबुलीही गाण्यातच. तानेची वाट पाहत बसलात तर प्रसंग निघून जाईल.

टप्पा 5: षट्कगीत, चार वेळा

दुसऱ्या अंकात ल्युसँदची तपासणी सहा आवाजांत होते. नवा श्रोता हमखास गळतो ती जागा हीच. एकाच वेळी अनेक जण वेगवेगळे शब्द गाताहेत याची आपल्या कानाला सवय नसते, आणि सगळे शब्द पकडायच्या नादात काहीच हाती लागत नाही. इथे गाण्यांच्या निवडीचं ते बाजूला ठेवलेलं मुद्रण लावा, म्हणजे हा तुकडा लगेच सापडेल.

पहिल्या वेळी फक्त ल्युसँद ऐका. तिच्याकडे शब्द नाहीत, नुसते आवाज आहेत. सहा जणांत जिला बोलायचं नाही तिलाच गावं लागतंय; प्रसंगाचा विनोद इथून उगवतो.

दुसऱ्या वेळी फक्त स्गानारेल. तो कधी ठाम सुरात बोलतो आणि कधी वेळ काढतो, एवढंच बघा. जिथे त्याला काही सुचत नाही तिथे सूर काय करतो?

तिसऱ्या वेळी झेरोंत. सर्वांत खालचा आवाज त्याचा, त्यामुळे गर्दीतही कानाला सापडतो. बापाची काळजी खरी आहे, आणि बाकीच्यांच्या लबाडीखाली ती सतत वाहत राहते.

चौथ्या वेळी सगळे एकत्र ऐका, पात्रांचा कागद समोर ठेवून. आता आवाज आपोआप वेगळे होतील. झाकलीन, व्हालेर, ल्युका यांचे शब्द सुटले तरी हरकत नाही. तिथे ते तिघे मिळून दबलेल्या, भारावलेल्या घरचं वातावरण उभं करतात, आणि ते कानाला कळतं.

> सावधान: या तुकड्यासाठी उपशीर्षकं चालू ठेवू नका. पडद्यावर एका वेळी एकाचेच शब्द येतात, आणि मग कानही तेवढ्याच एकाकडे वळतो.

टप्पा 6: जुन्या वळणाच्या जागा ओळखा

गुनोने काही ठिकाणी मुद्दाम मोलिएरच्या काळाच्या वळणाचं संगीत लिहिलं आहे. निशागीत हे त्याचं सरळ उदाहरण. अशी जागा आली की स्वरलिपीच्या पानावर 'जुनं' असं लिहा. बाकी लिखाण 1858 च्या पॅरिसचं आहे. या दोन्हींमधली ये-जा कधी होते, कोणाच्या गाण्यात होते, एवढं टिपलं तरी पुरे.

गुनोचा 'फाउस्ट' ऐकून इथे आलेल्यांनी मोठ्या, भरदार एकलगीतांची अपेक्षा बाजूला ठेवावी. तो याच रंगमंदिरात पुढच्याच वर्षी, 1859 मध्ये आला, पण त्याचं माप इथे लावून चालत नाही. इथली गाणी आटोपशीर आहेत, कारण संवाद वाट पाहत असतात.

टप्पा 7: चार जणांना ऐकवायचं असेल तर

वाचनगट किंवा नाट्यमंडळात हा ऑपेरा ठेवताना पूर्ण मुद्रण लावण्याचा हट्ट धरू नका. फ्रेंच न येणारी माणसं निळ्या पट्ट्यांत हरवतात, आणि ते साहजिक आहे. त्याऐवजी बोलते संवाद मराठीत वाचा. दोन-तीन वाचक निवडा, संवादांचं बोलीतलं भाषांतर आधी करून ठेवा, आणि ल्युका-झाकलीन यांना गावाकडची बोली द्या, कारण मोलिएरनेही त्या दोघांना शहरी फ्रेंच दिलेली नाही. वाचन गाण्याच्या तोंडाशी आलं की वाचकाने थांबायचं आणि मुद्रण सुरू करायचं.

यात एकच गोष्ट बिघडते, ती म्हणजे मधली शांतता. वाचकाचा शेवटचा शब्द आणि गाण्याचा पहिला स्वर यांत खंड पडला की विनोद मरतो. म्हणून मुद्रणाचे तुकडे आधीच कापून क्रमाने लावून ठेवा, यंत्रापाशी वाचकांपैकी कोणी न बसता तिसरा माणूस बसवा, आणि त्याच्या हातात लाल-निळ्या खुणांची प्रत द्या. एक रंगीत तालीम फक्त या जोडांची घ्या. पूर्ण संवाद वाचू नका. प्रत्येक जोडाआधीच्या दोन ओळी आणि गाण्याचे पहिले काही सेकंद, एवढंच.

पुढचा ऑपेरा म्हणून फ्रेंच संगीतकार बेर्लिओझचा 'बेआत्रिस ए बेनेदिक्त' घ्यायचा विचार असेल, तर तिसरा टप्पा आहे तसा चालणार नाही. तो शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'वरून बेतला आहे, संहिता बेर्लिओझची स्वतःची, आणि त्याने निरपराध वधूवर आळ येण्याचं उपकथानक पूर्ण काढून सोमारोन नावाचा संगीतशिक्षक नव्याने घातला. तिथे ओळीओळीने रंग भरण्याऐवजी प्रवेशाप्रवेशाने खुणा करा: कोणता प्रवेश राहिला, कोणता गेला, आणि गेलेल्याच्या जागी कोण उभं आहे.